ऑफिसचे कोड ऑफिसात: एका शेतकरी कंपनीच्या प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

काम: कंपनीच्या ऑनलाइन खात्यांचे टू-फॅक्टर कोड (पासवर्डनंतर मागितला जाणारा दुसरा कोड) माणसांच्या मोबाइलवरून काढून पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड कुलूपबंद साठवणाऱ्या प्रोग्राममध्ये, आणणे. जे आणता येतात तेवढेच. मुदत मार्चअखेर. खर्चाची मंजुरी जवळजवळ नाही.

हंगाम ऐन भरात आहे. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि आडतीवरचे सौदे त्याच्या बरेच खाली, त्यामुळे खरेदी केंद्रावर गर्दी. ओलाव्याची अट १२ टक्क्यांवरून १५ केल्याची बातमी आली तेव्हापासून तर फोन थांबेनात. अशा धामधुमीत असलं काम काढतं का कोणी, असं व्यवस्थापक म्हणाले. पण अडतं ते याच दिवसांत. ट्रक भरून काट्यावर उभा, कागद मेलमध्ये, मेलमध्ये शिरायला लागणारा कोड अध्यक्षांच्या मोबाइलवर आणि अध्यक्ष निलंग्याला लग्नात.

आधी फुलस्केप कागदावर रकाने आखले: खातं कोणतं, कोड कसा मिळतो, कुणाच्या खिशात. कंपनीचं जीमेल: एसएमएस, अध्यक्ष. वेबसाइटचं डोमेन: ऑथेंटिकेटर ॲप, पण ते सध्या पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या जुन्या ऑपरेटरच्या फोनवर. तूरडाळ विकायचं ऑनलाइन दुकान: एसएमएस, हिशेब बघणाऱ्या ताईंच्या जुन्या नंबरवर, जो आता त्यांचा भाचा वापरतो. मायक्रोसॉफ्टचं खातं: टू-फॅक्टरच नाही. इन्स्टाग्राम: तेही नाही. बँक: एसएमएस. ई-वे बिलाला (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद) अजून कोड लागत नाही, लवकरच लागणार.

मग ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ओटीपी’ शब्द शोधला. बोट दुखेपर्यंत वर सरकवलं तरी यादी संपेना. “ओटीपी पाठवा लवकर.” “आला का?” “हा घ्या.” “संपला, परत पाठवा.” त्या ग्रुपमध्ये दोन ट्रान्सपोर्टवालेही आहेत.

२१ नोव्हेंबर

काल मतदानाची सुट्टी. आज दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा ताईंना बसवून समजावलं. त्यांचा पहिलाच प्रश्न: “हा ॲपमधला कोड येतो कुठून? रेंज नसली तरी कसा येतो?”

येतच नाही, हे उत्तर. एसएमएसचा कोड समोरचा तयार करून पाठवतो. ॲपमधला कोड दोन्हीकडे आपापला तयार होतो, आणि दोन्हीकडचा जुळला की दार उघडतं. खातं जोडताना जो क्यूआर दिसतो त्यात एक गुप्त चावी असते, इंग्रजी अक्षरं आणि २ ते ७ हे आकडे मिळून बनलेली. शून्य आणि एक त्यात नसतात, कारण ते ‘ओ’ आणि ‘आय’सारखे दिसतात. ही चावी साइटकडे राहते आणि आपल्याकडे राहते. पुढे तिला फक्त घड्याळ लागतं. १ जानेवारी १९७० पासून (लंडनच्या ग्रीनिचच्या वेळेने) किती सेकंद झाले ते मोजायचं, ३० ने भागायचं, येणारा आकडा आणि चावी एका गणितात घालायची. उत्तराचे शेवटचे सहा आकडे म्हणजे कोड.

ताई हिशेबाच्या माणूस, त्यांना उदाहरणाशिवाय पटत नाही. म्हणून करून दाखवलं. येत्या १ जानेवारीला आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतील तेव्हा १९७० पासून १,७३,५६,८९,६०० सेकंद झालेले असतील. भागिले ३० म्हणजे ५,७८,५६,३२०. पुढच्या अर्ध्या मिनिटाला हाच आकडा सगळ्या जगात. चावी मात्र प्रत्येक खात्याची वेगळी, म्हणून कोड वेगळा. याला टीओटीपी (वेळेवरून बनणारा, एकदाच चालणारा पासवर्ड) म्हणतात, आरएफसी (इंटरनेटच्या पद्धती ठरवणारे दस्तऐवज) ६२३८ या क्रमांकाने २०११ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध झाली. गूगलचं ॲप असो, मायक्रोसॉफ्टचं असो की पासवर्ड मॅनेजर, सगळे हेच गणित करतात.

“म्हणजे चावी ज्याच्याकडं, त्याला फोन लागत नाही,” ताई म्हणाल्या. हे वाक्य मी कागदावर वर लिहून ठेवलं. अख्खं काम त्यावर उभं आहे. चांगलं ते आणि वाईट ते, दोन्ही.

२५ नोव्हेंबर

कोणता पासवर्ड मॅनेजर?

वनपासवर्ड चांगला, पण दरमहा दर माणशी डॉलरमध्ये पैसे. व्यवस्थापकांनी ‘डॉलर’ ऐकूनच मान हलवली. बिटवॉर्डनच्या फुकट खात्यात ही चावी साठवता येते, पण तिचा कोड करून दाखवायला पैसे भरावे लागतात. व्हॉल्टवॉर्डन स्वतःच्या सर्व्हरवर चालतो आणि त्यात हे सगळं फुकट, पण मग सर्व्हर चोवीस तास चालू हवा. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा महावितरणलाही नसतो. त्यातून तो सर्व्हर अद्ययावत ठेवायचं काम माझ्या गळ्यात.

उरला कीपासएक्ससी. फुकट, मुक्त स्रोत, सगळं एका एन्क्रिप्ट केलेल्या फाइलमध्ये, इंटरनेटची गरज नाही, टीओटीपी आतच. अँड्रॉइडवर तीच फाइल कीपासडीएक्स उघडतं. अडचण एकच: फाइल ठेवायची कुठे आणि तिच्या प्रती कशा जुळवायच्या, हे आपलं आपण बघायचं.

ढगात, म्हणजे क्लाउडवर दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेली पासवर्डची तिजोरी वाईटच असं मी म्हणत नाही. पण २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजर कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड एन्क्रिप्टेड होते, साइटचे पत्ते मात्र उघडे होते. ज्यांचा मास्टर पासवर्ड (अख्खी तिजोरी उघडणारा) कच्चा, त्यांची प्रत चोर निवांत बसून फोडू शकतो. मोठ्या कंपनीकडे तिजोऱ्यांची रास असते म्हणून तिथे डल्ला मारायला माणसं जातात. लातूरच्या औसा रोडवरच्या आमच्या ऑफिसातल्या एका फाइलसाठी कुणी मुद्दाम येणार नाही. आमच्याकडे हरवणं, बिघडणं आणि माणूस नोकरी सोडून जाणं हेच धोके मोठे.

ठरलं: कीपासएक्ससी.

२८ नोव्हेंबर

फाइल तयार. मास्टर पासवर्ड देवनागरीत ठेवावा असा व्यवस्थापकांचा आग्रह होता: “आपल्या भाषेतला शब्द चोराला कसा सुचंल?” नाही ठेवला. एका कॉम्प्युटरवर इन्स्क्रिप्ट, दुसऱ्यावर फोनेटिक, मोबाइलवर तिसराच कीबोर्ड. दिसायला सारखा दिसणारा शब्द आतून वेगळ्या अक्षरांचा बनू शकतो, आणि पासवर्ड टिंबांत दिसत असल्यामुळे काय चुकलं तेही कळत नाही. शेवटी कीपासएक्ससीनेच निवडलेले सहा इंग्रजी शब्द. ताईंना त्यातला एक उच्चारता येईना, म्हणून तेवढा बदलून दुसरा काढून दिला.

शिवाय एक की-फाइल, पेनड्राइव्हवर: मास्टर पासवर्डबरोबर ही छोटी फाइलही असली तरच तिजोरी उघडते. अशा ऑफलाइन फाइलला स्वतःचा टू-फॅक्टर कोड लावता येत नाही, कारण कोड तपासायला पलीकडे कुणी सर्व्हर नसतो. दुसरा घटक हवा तर की-फाइल किंवा युबीकीसारखं, कॉम्प्युटरला लावायच्या किल्लीसारखं हार्डवेअर. युबीकीची किंमत बघून विषय बंद.

२ डिसेंबर

आज खरी चर्चा झाली. हिशेब तपासायला सीए आले होते, त्यांनी स्क्रीनवर पासवर्ड आणि शेजारी फिरणारा कोड बघितला आणि थांबले. “कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला? मग टू-फॅक्टर राहिलं कुठं?”

मुद्दा बरोबर आहे. टाळून चालणार नाही. टू-फॅक्टरचा अर्थच असा की एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी आणि दुसरी तुमच्या हातात असावी. दोन्ही एकाच फाइलमध्ये गेल्या की ज्याने ती फाइल उघडली त्याला दोन्ही मिळतात. कीपासएक्ससी बनवणारेही जास्तीची सुरक्षा हवी असेल तर कोडसाठी वेगळी फाइल ठेवा असंच सांगतात.

पण चोऱ्या होतात कशा, ते एकेक करून बघितलं. पहिली, सगळ्यात जास्त होणारी: दुसऱ्याच कुठल्या साइटवरून पासवर्ड फुटतो आणि तोच पासवर्ड इथेही असतो. तिथे फाइलमधला कोडही तितकाच राखण करतो, कारण चोराकडे पासवर्ड असला तरी फाइल नसते. दुसरी: सिम बदलून नंबर पळवणं. ट्रायने (दूरसंचार नियामक) १ जुलै २०२४ पासून सिम बदललेला नंबर सात दिवस दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करू द्यायचा नाही असा नियम केलाय, तो या चोरीमुळेच. टीओटीपीला सिमच नाही, त्यामुळे तो मार्ग बंद. तिसरी: खोटी साइट. इथे टीओटीपी कुठेही ठेवा, फोनवर ठेवा की फाइलमध्ये, माणसाने स्वतःच्या हाताने कोड खोट्या पानावर टाकला की पलीकडचा तो अर्ध्या मिनिटाच्या आत खऱ्या साइटवर टाकतो. उलट पासवर्ड मॅनेजरचं ब्राउझर एक्स्टेन्शन साइटचा पत्ता जुळल्याशिवाय काही भरत नाही, म्हणजे फायदाच. चौथी: कॉम्प्युटरमध्येच व्हायरस शिरला आणि उघडी फाइल त्याच्या तावडीत सापडली. इथे सीएंचं म्हणणं शंभर टक्के खरं.

आणि हे सगळं तोलायचं कशाशी? पासवर्ड ताईंच्या लाल वहीत, ओटीपी ट्रान्सपोर्टवाल्यांसकट ग्रुपवर. त्याच्याशी.

सीए हसले, पण हटले नाहीत. “बाकी काही करा, बँकेचं आणि मेलचं एकत्र ठेवू नका.” हे मला मान्य. मेल हातात आली की बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ‘विसरलो’ म्हणून बदलता येतात. म्हणून दोन फाइली. रोजच्या फाइलमध्ये दुकान, इन्स्टाग्राम, मायक्रोसॉफ्ट असली खाती, पासवर्ड आणि कोड एकत्र. ती ताई, ऑपरेटर आणि मी उघडणार. दुसऱ्या फाइलमध्ये फक्त मेलचा ॲडमिन आणि डोमेन यांच्या कोडच्या चाव्या, पासवर्ड नाहीत. ती व्यवस्थापक आणि मी. बँकेचं यात काहीच नाही.

५ डिसेंबर

जीमेल हलवलं. तपशील लिहून ठेवतो, बाकीची खाती ऑपरेटर मुलगी स्वतः करणार आहे.

अध्यक्षांना समोर बसवूनच हे करायचं, कारण शेवटचा एसएमएस त्यांच्याच फोनवर येणार. खात्याच्या सुरक्षा विभागात ऑथेंटिकेटर जोडा असं निवडलं की क्यूआर येतो. कीपासएक्ससीला कॅमेऱ्याने क्यूआर वाचता येत नाही, तेव्हा त्याखालचं ‘स्कॅन करता येत नाही?’ दाबायचं. चार-चार अक्षरांच्या गटात चावी दिसते. ती कॉपी करायची. कीपासएक्ससीत त्या खात्याच्या नोंदीवर उजवं क्लिक, टीओटीपी, सेट अप, पेस्ट. सेटिंग जशी आहेत तशी ठेवायची: ३० सेकंद, सहा आकडे. मग नोंद निवडून कंट्रोल आणि टी दाबलं की कोड कॉपी. तो साइटवर टाकून जोडणी पक्की करेपर्यंत ते पान बंद करायचं नाही, कारण ती चावी साइट पुन्हा दाखवत नाही. आणि आधी फाइल सेव्ह.

पुढची पायरी लोक सोडतात: जुना एसएमएसचा पर्याय काढून टाकणं. तो राहू दिला तर चोराला ॲप नको, सिम पुरे. दार पुढून बंद, मागून उघडं. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर जरा नाराजी दिसली. कोड त्यांना विचारून घ्यावा लागतो यात एक मान होता, तो गेला. “म्हणजे आता मला फोन करणार नाही म्हणा की,” असं म्हणाले. मी म्हटलं, “अण्णा, बँकेसाठी करणारच आहोत.” मग चहा मागवला.

६ डिसेंबर

गूगलचे दहा बॅकअप कोड छापून पाकिटात, पाकीट चेकबुकाच्या कपाटात. एकेक कोड एकदाच चालतो, वापरला की खोडायचा. मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढायचा नाही, हे तीनही जणांना तोंडी सांगितलं आणि पाकिटावरही लिहिलं.

११ डिसेंबर

गोडाऊनच्या कॉम्प्युटरवरून कोड चालेनात.

गोडाऊनवाल्या मामांचा फोन: “कोड चुकीचा म्हणायलंय की ओ. तीन डाव टाकला. मशीनच बाद हाय वाटतंय.” ऑफिसमधून तीच नोंद उघडली, कोड चालला. फोनवर मामांना त्यांच्या स्क्रीनवरचा कोड वाचायला सांगितला, मी माझ्यासमोरचा बघितला. दोन्ही वेगळे. चावी एकच, गणित एकच, तर फरक पडायला एकच जागा उरते: घड्याळ.

“मामा, घड्याळात किती वाजलेत?” “अकरा वीस. बरोबर हाय, मीच रोज लावतो.”

रोज का लावतात, हा प्रश्न पडला म्हणून गाडी काढून गेलो. त्या जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल कधीच मेलाय. लाइट गेली की मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, मग मामा सकाळी आल्यावर हाताने तारीख-वेळ भरतात. नेट वारंवार तुटतं म्हणून कुणीतरी आपोआप वेळ जुळवणं बंद करून ठेवलंय. एवढ्याने वेळ फार तर मिनिटभर इकडेतिकडे झाली असती. खरी गोम टाइम झोनमध्ये निघाली. विंडोज नव्याने टाकताना झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिलेला. स्क्रीनवर अकरा वीस दिसत होते, पण कॉम्प्युटरच्या हिशेबी ते कॅलिफोर्नियातले अकरा वीस, म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे बारा पन्नास, उद्याचे. साडेतेरा तासांचा फरक. तीस-तीस सेकंदांनी मोजलं तर मामांचं मशीन १,६२० पावलं पुढचा कोड दाखवत होतं. आरएफसीत वाटेतल्या उशिरासाठी फार तर एक पाऊल चालवून घ्यावं असं सुचवलंय. दीड हजार कोण चालवून घेणार?

झोन भारताचा केला, वेळ इंटरनेटशी जुळवली, कोड लगेच चालला. मामा म्हणाले, “आतापर्यंत तर काही अडलं नव्हतं.” खरंय. वजनाच्या पावतीला भिंतीवरची वेळ पुरते. कोडला आतली वेळ लागते, आणि ती मामांना कधी दिसलीच नाही.

गंजगोलाईच्या बाजारातून नवा सेल आणून बसवला. फाइल उघडण्याआधी घड्याळ बघायचं, असा कागद मॉनिटरच्या कडेला चिकटवला.

१६ डिसेंबर

डोमेनचं काम. कोड पुण्यातल्या जुन्या ऑपरेटरच्या फोनवर. पोरगा चांगला, लगेच तयार झाला, पण कंपनीतल्या मीटिंगमध्ये होता आणि दबक्या आवाजात बोलत होता. “सात, एक, नऊ, शून्य... थांबा दादा, बदलला.” मग त्याला सांगितलं की नवा कोड सुरू झाल्याबरोबर पहिल्या सेकंदाला वाचायला लाग. तसा गेला. आत शिरल्यावर जुनं ॲप काढलं, नवी चावी घेतली, दुसऱ्या फाइलमध्ये ठेवली.

त्याने विचारलं, “माझ्या ॲपमधून गूगलच्या एक्सपोर्टने पाठवू का? सोपं पडंल.” नको म्हटलं. तो एक्सपोर्टचा क्यूआर साध्या क्यूआरसारखा नसतो, कीपासएक्ससीला सरळ कळत नाही, ही एक गोष्ट. मोठी गोष्ट म्हणजे तशाने चावी तीच राहते, त्याच्याकडेही आणि आमच्याकडेही. नव्याने जोडणी केली की त्याच्या फोनवरचे आकडे नुसते फिरत राहतात, उपयोगाचे राहत नाहीत. त्यालाही ते बरं वाटलं. उद्या काही झालं तर त्याच्यावर बोट यायला नको.

३० डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. ऑफिसला कुलूप, अख्खा जिल्हा रानात. भज्जी, उंडे, आंबील झाल्यावर कडब्याच्या सावलीला पडलो होतो, तेवढ्यात व्यवस्थापकांचा निरोप: दुकानावरची एक ऑर्डर आजच मार्गी लावली नाही तर रद्द होणार. आमच्या शिवारात एका टोकाला नेटची एखादी कांडी मिळते, एसएमएस तर संध्याकाळी गावात आल्यावर एकदम पडतात. मोबाइलवरच्या कीपासडीएक्समधून कोड घेतला, बांधावर उभं राहून काम केलं. कोडला रेंज लागत नाही हे माहीत होतंच. ताईंना मात्र उद्या मुद्दाम सांगणार आहे.

मोबाइलमधली फाइल म्हणजे ऑफिसच्या फाइलची प्रत, ती केबलने आठवड्याला बदलतो आणि मोबाइलवर तिच्यात काही लिहीत नाही. दोन ठिकाणी बदल झाले तर कीपासएक्ससीला दोन्ही एकत्र करता येतात, पण मुळात तशी पाळी कशाला आणायची.

२० जानेवारी २०२५

१ फेब्रुवारीपासून ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइसला आमच्यासाठी टू-फॅक्टर सक्तीचं. शंभर कोटींच्या वर वार्षिक उलाढाल असलेल्यांना ते ऑगस्ट २०२३ पासूनच होतं, वीस कोटींच्या वरच्यांना या १ जानेवारीला लागलं, आता पाच कोटींच्या वरचे, १ एप्रिलला उरलेले सगळे.

ताईंनी उत्साहाने विचारलं, “हे पण फाइलमध्ये टाकू या ना?” नाही टाकता येत. तिथे तीन मार्ग दिलेत: एसएमएस, संदेस ॲप (सरकारी मेसेजिंग ॲप), आणि एनआयसी-जीएसटी-शील्ड हे कोड दाखवणारं सरकारी ॲप. शील्डचा कोडही दर ३० सेकंदांनी बदलतो आणि त्यालाही नेट लागत नाही, पण तो त्या ॲपमध्ये, नोंदवलेल्या मोबाइलवरच मिळतो. आमच्या फाइलमध्ये आणता येईल अशी चावी तिथे मिळत नाही.

मग फाइलचा हट्ट सोडून व्यवस्थेचा उपयोग करायचा. हा कोड प्रत्येक यूजरचा स्वतंत्र असतो. मुख्य लॉगिन अध्यक्षांचं राहू द्यायचं आणि ट्रक लावणाऱ्या दोघांची सब-यूजर (मुख्य लॉगिनखालची) खाती त्यांच्या त्यांच्या नंबरवर काढायची. राज्यातल्या राज्यात लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं, आणि सोयाबीनचा एक भरलेला ट्रक त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणजे प्रत्येक गाडीला कोड. तो ज्याच्या हातात माऊस आहे त्याच्याच खिशात हवा. कुणी कोणतं बिल काढलं तेही कळतं.

बँकेचंही इथेच लिहून टाकतो, कारण संचालकांच्या बैठकीत विचारणा झाली. बँकेचा एसएमएस फाइलमध्ये आणता येत नाही, आणि आणता आला असता तरी मी आणला नसता. पैसे बाहेर सोडणारा कोड एका माणसाच्या खिशातच असावा आणि त्या माणसाला त्यासाठी फोन यावा, त्याने दोन प्रश्न विचारावेत. बाकीच्या खात्यांत तो फोन म्हणजे खोळंबा असतो, इथे ती तपासणी आहे. ताई भरणार, अध्यक्ष मंजूर करणार, ही मेकर-चेकरची जोडी तशीच राहील.

३ फेब्रुवारी

ई-वे बिल सुरळीत. मामांच्या फोनवर शील्ड घातलं. मामांना ते आवडलंय, उगाच उघडून आकडे बदलताना बघत बसतात.

१२ मार्च

ऑपरेटर मुलगी पुढच्या महिन्यात लग्न करून परभणीला चालली. आनंदाची गोष्ट, आणि या कामाची परीक्षाही.

व्यवस्थापक म्हणाले, मास्टर पासवर्ड बदला, झालं. होत नाही. फाइलची जुनी प्रत कुठे राहिली असेल तर ती जुन्याच पासवर्डने आणि जुन्याच की-फाइलने उघडते. नवा पासवर्ड फक्त नव्या फाइलला. आणि त्या प्रतीतल्या चाव्या जिवंत असतात. पासवर्ड बदलला तरी टीओटीपीची चावी आपोआप बदलत नाही, ती वर्षानुवर्षं बरोबर कोड देत राहते. एसएमएसमध्ये निदान सिम परत घेता येतं.

तेव्हा क्रम असा ठरवला: माणूस गेला की रोजच्या फाइलमधल्या प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदलायचा, टू-फॅक्टर काढून नव्याने लावायचं, मगच मास्टर पासवर्ड आणि की-फाइल बदलायची. कंटाळवाणं आहे. एक दुपार जाते. मुलीवर अविश्वास म्हणून हे करत नाही, असं तिला आधीच सांगितलं, तर तीच म्हणाली, “सर, माझ्यासमोरच करा. मला पण लिहून द्या की माझ्याकडे काही राहिलं नाही.” तसं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर दिलं. हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं, आता नियमात घातलं.

दुसऱ्या फाइलला हात लावायची गरज पडली नाही, कारण ती मुलीकडे नव्हतीच. सीएंना हे कळवलं. त्यांनी फक्त अंगठा पाठवला.

२ एप्रिल

पाडवा झाला, मार्चअखेर झाली, ई-वे बिलाचा कोड कालपासून सगळ्यांनाच लागू झाला. सकाळी चाकूरकडच्या एका छोट्या कंपनीतून फोन: “आमचे सगळे कोड पण तुमच्यासारखे कॉम्प्युटरमध्ये येतील का?” त्यांना म्हटलं, आधी कोणता कोड येतो आणि कोणता तयार होतो ते वेगळं करा. तयार होतो तो हलवा. येतो तो जिथे येतो त्या नंबरकडे बघा.

आमची शिल्लक कामं. दुकानाच्या खात्यावर पासकीचा (पासवर्डऐवजी वापरायची, त्या साइटलाच बांधलेली डिजिटल किल्ली) पर्याय दिसायला लागलाय. खोट्या साइटवर पासकी चालतच नाही, त्यामुळे टीओटीपीपेक्षा ती बरी, आणि कीपासएक्ससीला ती ठेवताही येते. पण तीन माणसांनी एक पासकी वापरायची म्हणजे काय काय होतं ते आधी बिनमहत्त्वाच्या खात्यावर बघणार. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे जुने ओटीपी पुसत बसायची गरज नाही, ते कधीच मेलेत. ट्रान्सपोर्टवाल्यांचा ग्रुप मात्र वेगळा केला.

राहिलं बँकेत नोंदवलेलं सिम. ते अध्यक्षांच्या स्वतःच्या नावावर आहे आणि कंपनीची निवडणूक पुढच्या वर्षी. कंपनीच्या नावाने सिम घ्यायला संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत लागते. विषयपत्रिकेत विषय टाकलाय, खतांच्या खरेदीनंतर, सातव्या क्रमांकावर.